उच्च दाबाच्या ट्रेलर-टायरमध्ये हवा भरताना: आधी आकडा, मग तपासणी, शेवटी हवा

गाडीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या प्रवासी ट्रेलरचे टायर पाहताना कारच्या टायरसारखेच वाटतात, आणि सगळ्या चुकांची सुरुवात तिथूनच होते. कारच्या टायरमध्ये साधारणपणे ३० ते ३५ पीएसआय दाब असतो. ट्रेलरचे टायर मात्र त्यांच्या बांधणीनुसार ५०, ६५ किंवा ८० पीएसआय दाबावर भार पेलण्यासाठी बनवलेले असतात. इंदूरहून महेश्वर, मांडू किंवा ओंकारेश्वरला ट्रेलर घेऊन जाणाऱ्या परिचितांकडे मला तीन चुका वारंवार आढळतात. पहिली म्हणजे कारचा आकडा ट्रेलरला लावणे, दुसरी म्हणजे वाटेत गरम झालेल्या टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडून देणे आणि तिसरी म्हणजे बसलेल्या टायरसमोर उकिडवे बसून त्यात हवा भरणे. पहिल्या दोन चुकांनी टायर खराब होतो, तिसरीने माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. हवेची नळी हातात घेण्याची वेळ पाचव्या टप्प्यात येते, त्याआधी नाही.

टप्पा १: योग्य दाबाचा आकडा ठरवणे

ट्रेलर बनवणाऱ्याने चौकटीवर, दाराजवळ किंवा जोडणीच्या दांड्याजवळ लावलेली पट्टी आधी शोधावी. तिच्यावर टायरचे माप, आसावरील (अ‍ॅक्सलवरील) कमाल भार आणि थंड टायरचा दाब लिहिलेला असतो. टायर मूळ मापाचे आणि मूळ क्षमतेचे असतील, तर तोच आकडा आपला.

पट्टी नसेल, पुसली गेली असेल किंवा टायर बदलून वेगळ्या क्षमतेचे बसवले असतील, तर टायरच्या बाजूवरील मजकूर वाचावा. तेथे कमाल भार आणि तो भार पेलण्यासाठी लागणारा थंड दाब दिलेला असतो. मापाआधी ‘एसटी’ ही अक्षरे असलेले टायर खास ट्रेलरसाठी बनवलेले असतात, आणि त्यांत बाजूवर लिहिलेल्या कमाल थंड दाबाइतकी हवा ठेवण्याची पद्धत सर्वसाधारण आहे. भारवर्ग (टायरवर ‘लोड रेंज’ म्हणून दिलेले अक्षर) सी असेल तर हा आकडा बहुधा ५०, डी असेल तर ६५ आणि ई असेल तर ८० पीएसआय असतो. आपल्याकडे स्थानिक कारागिरांनी बांधलेल्या ट्रेलरना पुष्कळदा छोट्या मालवाहू गाड्यांचे ‘एलटी’ टायर बसवलेले असतात. अशा टायरसाठी त्या कंपनीचा भार आणि दाब यांचा तक्ता पाहावा. शेजाऱ्याच्या ट्रेलरचा आकडा उचलू नये.

आकडा ठरवण्यापूर्वी एकदा तरी ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा आणि तोही प्रवासाला निघताना भरतो तसाच भरून न्यावा. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, आणि घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर म्हणजे जवळपास ३० किलो. ही वजने आपण मनात धरत नाही, टायरला मात्र ती वाहावीच लागतात. टायरवरील भारांक (मापाच्या पुढे छापलेली, भारक्षमता सांगणारी संख्या) ९७ असेल, तर तो टायर त्याच्या कमाल दाबावर ७३० किलो पेलतो. १०० असेल तर ८०० किलो आणि ८६ असेल तर ५३० किलो. समजा एकाच आसाच्या ट्रेलरचा आसावरील भार १३०० किलो आहे आणि टायरचा भारांक ९७ आहे. दोन टायर मिळून १४६० किलो पेलतात, म्हणून हिशोब जुळल्यासारखा वाटतो. परंतु स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि कपाट एकाच बाजूला असेल, तर त्या बाजूच्या टायरवर ७०० किलो आणि दुसऱ्यावर ६०० किलो येऊ शकतात, म्हणजे जड बाजूला जेमतेम ३० किलोची सवलत उरते. त्यामुळे शक्य असेल तर दोन्ही बाजूंचे वजन वेगवेगळे करून घ्यावे, आणि जड बाजूला जो दाब लागतो तोच दोन्ही बाजूंना ठेवावा.

आता रिम आणि व्हॉल्व्ह पाहावेत. हा मुद्दा जवळजवळ सगळेच विसरतात. रिमवर कमाल दाब कोरलेला असेल, तर टायर कितीही मजबूत असला तरी त्या आकड्याच्या वर जाता येत नाही. रिमच्या भोकात ओढून बसवलेला साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या थंड दाबासाठी असतो. ज्या टायरला ८० पीएसआय हवा लागते त्याला उच्च दाबाचा किंवा नटाने आवळलेला धातूचा व्हॉल्व्हच हवा. टायर बदलताना दुकानदाराने सवयीने कारचा रबरी व्हॉल्व्ह बसवला असेल, तर तो आधी बदलून घ्यावा आणि मगच हवेचा विचार करावा.

*पडताळणी:* एका कागदावर चार आकडे लिहावेत: ठरवलेला थंड दाब, टायरवरील कमाल दाब, रिमची मर्यादा आणि व्हॉल्व्हची मर्यादा. पहिला आकडा उरलेल्या तिघांपैकी एकापेक्षाही मोठा असता कामा नये.

टप्पा २: साधने तपासून घेणे

पेनाच्या आकाराचे स्वस्त गेज अनेकदा ५० पीएसआयच्या आसपास संपते. ८० पीएसआयच्या टायरला ते निरुपयोगी आहे. १०० किंवा १२० पीएसआयपर्यंत मोजणारे स्वतःचे गेज घ्यावे आणि प्रत्येक वेळी तेच वापरावे. टायरच्या दुकानातील जुन्या गेजवर आकडे कधी किलोमध्ये (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किलो) तर कधी बारमध्ये असतात. त्यामुळे ६५ पीएसआय म्हणजे सुमारे ४.५ बार किंवा ४.६ किलो, आणि ८० पीएसआय म्हणजे सुमारे ५.५ बार किंवा ५.६ किलो, हे लक्षात ठेवावे.

घरच्या घरी हवा भरण्यासाठी १२ व्होल्टचा कंप्रेसर घ्यायचा असेल, तर डब्यावर छापलेला कमाल दाब पाहून निर्णय घेऊ नये. डब्यावर १५० पीएसआय लिहिलेला लहानसा कंप्रेसरसुद्धा ६० च्या पुढे गेल्यावर धापा टाकू लागतो. तो सलग किती मिनिटे चालवायचा आणि नंतर किती मिनिटे थांबवायचा, हे त्याच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते, आणि ते काटेकोरपणे पाळावे. दुसरी अडचण विजेची. गाडीतील सिगारेट लायटरच्या सॉकेटला बहुधा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १५ अँपिअर धरले तरी १२ व्होल्टवर १८० वॉट. उच्च दाबाचा मोठा कंप्रेसर याहून अधिक वीज ओढतो. म्हणून त्याचे चिमटे थेट बॅटरीला लावावेत, गाडी मोकळ्या हवेत उभी करून इंजिन चालू ठेवावे, आणि बंद गॅरेजमध्ये हे काम अजिबात करू नये.

नळी लांब असावी, आणि तिचे टोक व्हॉल्व्हला स्वतःहून पकडून राहणारे किंवा आट्यांनी फिरवून बसणारे असावे. हाताने दाबून धरावे लागणारे टोक या कामाला वापरू नये, कारण त्यामुळे माणसाला टायरच्या अगदी तोंडाशी बसून राहावे लागते. गेज आणि हवा सोडण्याची कळ नळीच्या आपल्या बाजूच्या टोकाला असेल, तर सर्वांत उत्तम.

टप्पा ३: ट्रेलर स्थिर करणे आणि थंड दाब मोजणे

ट्रेलर सपाट, टणक जागी उभा करावा. तो गाडीला जोडलेला असेल तर गाडीचा हँडब्रेक ओढावा. सुटा असेल तर दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. गोल दगड लावू नयेत, ते घरंगळतात.

टायर ‘थंड’ असणे म्हणजे हाताला गार लागणे नव्हे. ट्रेलर किमान तीन तास जागचा हललेला नसावा, किंवा फार तर दीड किलोमीटर आणि तेही सावकाश चालला असावा. त्यावर ऊनही पडलेले नसावे. इंदुरात मे महिन्यात सकाळी आठ वाजताच पूर्वेकडची चाके तापू लागतात आणि त्या बाजूचे आकडे वाढलेले दिसतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वी मोजावे.

तापमानाचा परिणाम या टायरमध्ये कारपेक्षा मोठा दिसतो. ६५ पीएसआयच्या टायरमध्ये दर ५ ते ६ अंश सेल्सिअसला जवळपास दीड पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात पहाटे २७ अंशांना नेमके ६५ पीएसआय भरलेले असतील, तर हवा जराही गळली नसतानाही जानेवारीच्या १० अंशांच्या पहाटे गेज ६० ते ६१ दाखवेल. म्हणून ऋतू बदलला की पुन्हा मोजणे भाग आहे. घाट उतरल्याचा परिणाम मात्र नगण्य असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, आणि तिथून नर्मदाकाठी उतरल्यावर उंचीमुळे गेजमध्ये अर्ध्या पीएसआयच्या आसपासच फरक पडतो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

स्टेपनीसह प्रत्येक टायरचा दाब मोजून वहीत तारखेसह लिहावा. मोजताना गेज सरळ आणि ठामपणे दाबावे. फुसफुस आवाज येत राहिला तर ते मोजमाप रद्द समजून पुन्हा मोजावे.

*इशारा:* टायरवर लाथ मारून किंवा डोळ्यांनी पाहून दाब ओळखता येत नाही. जाड बाजूंचा ट्रेलर-टायर ४५ पीएसआयवरसुद्धा भरलेला दिसतो.

टप्पा ४: हवा भरायची की नाही, याचा निर्णय

या टप्प्यावर घाई करू नये, असे माझे प्रत्येक वाचकाला कळकळीचे सांगणे आहे. मोजलेला दाब ठरवलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे ६५ च्या टायरमध्ये ५२, ८० च्या टायरमध्ये ६४ आणि ५० च्या टायरमध्ये ४० पर्यंत उतरलेला असेल, तर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा टायर अशा कमी हवेवर भार घेऊन *चालला* आहे का?

चालला असेल, तर त्यात स्वतः हवा भरू नये. कमी हवेवर चालताना टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात मर्यादेबाहेर दुमडते आणि रबर तापते. ज्या टायरच्या बाजूंमध्ये पोलादी तारा असतात त्यांत त्या तारा एकेक करून थकतात आणि तुटतात. बाहेरून हे काहीच दिसत नाही. नंतर दाब चढू लागला की उरलेल्या तारांवर सगळा ताण येतो आणि टायरची बाजू चेन उघडावी तशी एका ओळीत फाटते. ८० पीएसआयची हवा एका क्षणात बाहेर पडते, आणि तिच्या वाटेत असलेल्या माणसाला हाडे मोडण्यापासून मृत्यूपर्यंत काहीही होऊ शकते. असा टायर चाकासह काढून जड वाहनांचे टायर हाताळणाऱ्या दुकानात न्यावा. तो रिमवरून उतरवून आतून तपासावा लागतो, आणि हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भरावी लागते. इंदुरात देवास नाक्याच्या बाजूला ट्रकचे काम करणारी दुकाने आहेत. तेथेही पिंजरा आहे का आणि तो खरोखर वापरला जातो का, हे पाहूनच टायर सोपवावा.

चालला नसेल, म्हणजे ट्रेलर पावसाळाभर अंगणात उभा राहून हवा हळूहळू उतरली असेल, तर धोका कमी असतो, पण तपासणी चुकत नाही. दिवसाच्या उजेडात, किंवा हातात चांगला टॉर्च घेऊन, टायरच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. आतली बाजूही पाहावी, कारण पुष्कळदा चीर तिथेच असते. खालीलपैकी एकही खूण दिसली तर हवा भरू नये:

– बाजूवर फुगवटा, लाटांसारख्या सुरकुत्या किंवा गोलाकार घासल्याची कडी;
– तार किंवा धागा दिसेल इतका खोल काप;
– रबरभर पसरलेल्या भेगा;
– रिमची वाकलेली किंवा गंजून सोललेली कड, अथवा रिमवरून सुटलेली टायरची कडा.

टायरची कडा रिमवरून सुटलेली असेल, तर ती बसवण्याचे काम घरी करूच नये. पेटणारा फवारा मारून आणि काडी लावून कडा बसवण्याचे प्रयोग काही लोक करून दाखवतात. ते प्राणघातक आहेत.

टायरचे वयही याच वेळी पाहावे. बाजूवरील निर्मिती-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो, कारण तो वर्षातील बहुतेक दिवस एकाच जागी उन्हात उभा असतो. पाच-सहा वर्षे झालेला टायर नक्षी पूर्ण असली तरी बदलावा, असे माझे मत आहे.

टप्पा ५: हवा भरणे

१. मुलांना आणि बघ्यांना दूर पाठवावे. टायरच्या बाजूसमोरची जागा पूर्ण रिकामी असावी. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये दोन चाकांच्या मधल्या फटीजवळही कोणी वाकू नये.

२. व्हॉल्व्हचे टोपण काढून खिशात ठेवावे. व्हॉल्व्हच्या तोंडाशी माती असेल तर ती पुसावी, नाहीतर ती हवेबरोबर आत जाऊन पिनेत अडकते आणि दुसऱ्या दिवशी गळती सुरू होते.

३. कंप्रेसर आधी सुरू करावा की नळी आधी जोडावी, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे. उच्च दाबाच्या टायरला जोडून सुरू केल्यास काही लहान यंत्रांच्या मोटारीवर सुरुवातीलाच ताण येतो.

४. नळीचे टोक बसवून नळीच्या पूर्ण लांबीइतके मागे यावे. उभे राहायचे ते चाकाच्या पुढे किंवा मागे, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आपल्याकडे येईल असे. टायरची सपाट बाजू कधीही आपल्या चेहऱ्याकडे असू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

५. दाब एका दमात चढवू नये. दर १० पीएसआयला कंप्रेसर थांबवून, कान देऊन ऐकावे आणि दुरूनच टायरची बाजू पाहावी.

*इशारा:* तडतड, टक्-टक् किंवा तार तुटल्यासारखा आवाज आला, अथवा बाजूवर फुगा दिसू लागला, तर कंप्रेसर ताबडतोब बंद करावा आणि टायरजवळ जाऊ नये. नळीच्या आपल्या टोकाला हवा सोडण्याची कळ असेल तर दुरूनच सगळी हवा सोडावी. ती नसेल तर परिसर रिकामा ठेवून जाणकाराला बोलवावे.

६. ठरवलेल्या दाबापेक्षा एक-दोन पीएसआय अधिक भरावेत, दोन मिनिटे थांबावे आणि मग स्वतःच्या गेजने मोजत नेमक्या आकड्यावर उतरावे. कंप्रेसरवरील काटा हवा वाहत असताना जे दाखवतो त्यावर विसंबू नये. बाजूवर छापलेल्या कमाल थंड दाबाच्या वर मात्र क्षणभरही जाऊ नये. ठरवलेला आकडा तोच असेल, तर खालूनच थोडे थोडे भरत यावे.

७. एका आसावरील दोन्ही टायरमध्ये एक पीएसआयपेक्षा अधिक फरक राहू देऊ नये. नळीचे पितळी टोक या वेळेपर्यंत चटका बसेल इतके तापलेले असते, म्हणून हातमोजा घालून काढावे.

टप्पा ६: गळतीची खात्री

साबणाचे पाणी व्हॉल्व्हच्या तोंडावर, व्हॉल्व्ह रिममधून बाहेर येतो त्या जागी आणि रिमच्या कडेने लावावे. बुडबुडे तोंडातून येत असतील तर पिन सैल आहे किंवा खराब झाली आहे. मुळाशी येत असतील तर व्हॉल्व्हच बदलावा लागेल. नंतर साधे पाणी ओतून पुसावे आणि टोपण घट्ट बसवावे. टोपण ही धूळ थांबवणारी आणि हवेची दुसरी राखण आहे, ते हरवलेले असताना निघू नये.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच वेळी पुन्हा मोजावे. म्हणूनच हे सारे काम निघण्याच्या दिवशी न करता किमान एक दिवस आधी करावे.

टप्पा ७: हवा बाहेर भरून घ्यायची असेल तर

पेट्रोल पंपावरील प्रत्येक यंत्र ८० पीएसआयपर्यंत जाईलच असे नाही, म्हणून आधी विचारून घ्यावे. खरी अडचण वेगळी आहे. पंपापर्यंत जाईपर्यंत टायर गरम होतात. तिथे थंड दाबाचा आकडा सांगून भरले, तर हवा कमीच राहते. त्यावर सोपा हिशोब आहे. घरी थंड असताना ५८ पीएसआय दाखवले आणि हवे आहेत ६५, म्हणजे तूट ७ ची. पंपावर तोच टायर ६२ दाखवत असेल, तर त्यात ७ मिळवून ६९ पर्यंत भरावे, आणि दुसऱ्या पहाटे घरी थंड दाब मोजून उरलेला फरक दुरुस्त करावा. घरचे मोजमाप ८० टक्क्यांच्या खाली असेल, तर मात्र पंपापर्यंतही ट्रेलर ओढत नेऊ नये.

हवा भरणाऱ्याला स्पष्ट शब्दांत आणि त्याला कळेल अशा बोलीत सांगावे: ‘भैया, ट्रेलर का टायर है, कार का नहीं. उनहत्तर भरना है.’ भरून झाल्यावर स्वतःचे गेज लावावे. नायट्रोजन भरला तरी हे सगळे नियम तसेच लागू राहतात. तापल्यावर त्याचाही दाब हवेसारखाच वाढतो.

टप्पा ८: वाटेत

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, महेश्वरहून परतताना मी स्वतः ही चूक केली. चहासाठी थांबलो असता शेजारच्या टायरच्या दुकानातील माणसाने गेज लावून ७३ दाखवले आणि ‘फट जाएगा’ म्हणत चारही चाकांतील दाब ६५ वर आणला. मी त्याला अडवले नाही. दुसऱ्या पहाटे घरी गेज लावले तेव्हा आकडा ५८ होता, म्हणजे मानपूरचा घाट चढताना, भर उन्हात आणि भरलेल्या ट्रेलरखाली, चारही टायर गरजेपेक्षा सुमारे ११ टक्के कमी हवेवर चालले होते. कमी हवेमुळे टायर अधिक दुमडतो, अधिक तापतो, आणि तापल्यामुळे दाब पुन्हा ‘जास्त’ दिसतो. पुढच्या थांब्यावर आणखी हवा सोडावीशी वाटते, आणि असे करत करत टायर रस्त्यावरच फुटतो.

चालल्यानंतर थंड दाबाच्या १० ते १५ टक्के वाढ होणे सामान्य आहे, आणि टायर बनवताना ती गृहीत धरलेली असते. गरम टायरमधली हवा सोडू नये. थांब्यावर तुलना मात्र जरूर करावी. चारपैकी तीन टायर ७२–७३ दाखवत असतील आणि चौथा ६६, तर चौथ्यातून हवा जाते आहे. चौथा ७९ दाखवत असेल, तर त्याच्यावर भार जास्त आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक अथवा बेअरिंग तापते आहे. अशा वेळी हाताचा तळवा चाकाजवळ नेऊन उष्णता ताडावी, थेट स्पर्श करू नये.

गाडी चालवणाऱ्याला ट्रेलरचा टायर बसल्याचे हँडलवर कळत नाही, म्हणून व्हॉल्व्हवर बसवायचे दाबदर्शक सेन्सर घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. त्यांचा इशारा थंड दाबाच्या १० टक्के खाली लावावा, म्हणजे ६५ साठी ५८ वर. इशारा वाजला की वेग हळूहळू कमी करत, ब्रेक जोराने न दाबता, रस्त्याच्या कडेला सपाट जागी थांबावे आणि दाब मोजावा. भेरूघाटासारख्या वळणांच्या उतारावर इशारा वाजला, तर पहिल्या रुंद जागी थांबावे. घाट संपेपर्यंत रेटू नये. थांबल्यावर गेज ५२ च्या खाली दाखवत असेल, तर तो टायर कमी हवेवर चाललेला आहे. त्यात कंप्रेसरने हवा न भरता स्टेपनी लावावी, आणि काढलेल्या टायरवर खडूने ‘आतून तपासणे’ असे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या दुकानात कोणी नकळत त्याला नळी लावणार नाही.